एकविसाव्या रेषेच्या पुढे

मार्गशीर्ष सरत आला की मला शिंका सुरू होतात. एक आली की मागोमाग सात-आठ येतात. सफाळ्याचे आमचे डॉक्टर म्हणतात, सुक्या गवताची ॲलर्जी आहे, दारं-खिडक्या लावून बसत जा. मी मान हलवते आणि घरी येऊन खिडकी सताड उघडते. समोरच्या रस्त्यावरून गवताने शिगोशीग भरलेले ट्रक जातात, इतके रुंद की सायकलवाल्याला शेतात उतरावं लागतं. ट्रक गेल्यावर विजेच्या तारांना आणि बाभळींना काड्या लटकत राहतात. हवेत वास राहतो. उन्हात वाळलेला, किंचित गोड, घशाला खवखव आणणारा. एवढ्या वर्षांत मी कितीतरी विसरले. सख्ख्या भाचीचं नाव परवा आठवेना. हा वास मात्र माझी पाठ सोडत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्याची सोडलेली नाही. निवृत्त झाल्यावर पुण्याला भावाजवळ राहायचं सोडून मी इथं आले ती काही चांगल्या हवेसाठी नव्हे.

यंदा शिंकांबरोबर एक फोनही आला. मुंबईच्या ज्या संस्थेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली, तिथं कर्करोग आणि भ्रूणविकास यांवर काम करू पाहणाऱ्या नव्या संशोधकांचा वर्ग सुरू व्हायचाय. पहिल्या दिवशी मी बोलावं, म्हणून मृणाल नावाची तिथली तरुण शास्त्रज्ञ अगत्याने विचारत होती. "मॅडम, तुम्ही दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर जो प्रश्न लिहायचात ना, तोच आम्ही निमंत्रणपत्रिकेवर छापतोय. खाली तुमचं नाव." मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर चार दिवस जेवण गोड लागलं नाही, कारण तो प्रश्न माझा नाही. ज्या बाईचा आहे तिचं नाव मी आजवर कोणत्याही वर्गात घेतलं नाही, आणि ते का घेतलं नाही हे मला पुरतं ठाऊक आहे.

तो साठच्या दशकातला एक हिवाळा. मी तेवीस वर्षांची होते, प्राणिशास्त्रात पहिली आलेली, त्यामुळे डोकं जरा वर गेलेलं. कर्करोगावर संशोधन करायचं म्हणून आम्ही चौघं त्याच संस्थेतल्या आमच्या सरांकडे उमेदवारी करत होतो. आम्हाला वाटलेलं, गेल्या गेल्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली येतील. सरांनी उन्हाळ्यात थोड्या काचपट्ट्या दाखवल्या आणि पेटीला कुलूप घातलं. "ज्याने घर बांधताना पाहिलं नाही त्याने पडझडीवर बोलू नये," ते म्हणाले. "आधी अंड्यात एक साधं पिल्लू कसं घडतं ते पहिल्या तासापासून बघा. बिघडलेल्या पेशी कुठं पळून जात नाहीत."

पण मुंबईच्या बाजारातली अंडी या कामाला कुचकामी. बरीचशी फलितच झालेली नसत, आणि जी असत ती हातोहात फिरून, हिंदकळून, गारठून आलेली. म्हणून सरांनी त्या हिवाळ्यापुरता पालघर आणि बोईसर यांच्या मधला, एका स्नेह्यांच्या चिकूच्या वाडीतला रिकामा बंगला मागून घेतला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सोबतीला होत्या, म्हणूनच माझ्या वडिलांनी मला पाठवलं. बंगल्यामागे गवताची वखार होती. दिवसभर सिमेंटचे ट्रक तारापूरकडे जात, तिथं अणुवीज केंद्राचं काम चाललेलं. आणि वखारीतल्या गवताच्या गाठी बैलगाड्यांतून स्टेशनकडे जात, मुंबईच्या तबेल्यांसाठी. एक धूळ पांढरी, एक पिवळी. दोन्ही आमच्या टेबलांवर येऊन बसत आणि काकू दिवसातून तीनदा फडकं मारत.

पौषाच्या अखेरीला मुंबईहून वडीलधारी शास्त्रज्ञ मंडळी यायची होती. त्यांच्यासमोर प्रत्येकाने ठरलेल्या तासांची जिवंत भ्रूणं आपल्या हाताने उघडून दाखवायची, आणि चौघांतले दोघं पुढे ठेवून घेतले जाणार होते. उरलेल्या दोघांनी घरी जायचं. घरी माझ्यासाठी नागपूरचा एक बँकेतला मुलगा बघून ठेवलेला होता. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या पत्रात तीन वेळा 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द आला होता. ते पत्र मी सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यात तळाशी ठेवलं होतं, म्हणजे रोज खोकं उघडताना आठवण राहावी.

आमची शिकवणी बोटांची आणि डोळ्यांची होती. अंडं कापसाच्या गादीवर आडवं ठेवायचं, वरून पेन्सिलीने एक वर्तुळ काढायचं, बारीक कात्रीने कवच कातरायचं आणि श्वास रोखून ते झाकण उचलायचं. कात्री केसभर खोल गेली की बलकात लाल पसरायचं आणि सगळं संपायचं. पहिले कित्येक दिवस माझ्या हातून एकही पिल्लू जगलं नाही. दिनकर, माझा सहाध्यायी, मोठा गमत्या. "काकू, हिला खाटीकखान्यात नोकरी लागेल हो," असं ओरडून सांगायचा. मग एका सकाळी जमलं. दुसरा दिवस पुरा होत आलेलं अंडं होतं. बलकावर नखाएवढी पांढुरकी रेघ, आणि तिच्या मधोमध काहीतरी हलत होतं. चोच नव्हती, पाय नव्हते, छातीचाही पत्ता नव्हता, आणि हृदय मात्र कामाला लागलं होतं. मला रडू आलं. सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पुढच्या टेबलाकडे गेले.

अडचण उबवणपेटीची होती. रॉकेलच्या दिव्यावर चालणारी ती पेटी सरांनी कुठूनशी पैदा केली होती. समुद्राकडचा वारा सुटला की दिवा फडफडे, काजळी धरे. पेटी कधी थंड पडे, कधी तापे. तासांचा मेळ बसेना आणि निम्मी पिल्लं आतल्या आत मरत. तेव्हा मला सुकरीची कोंबडी आठवली.

सुकरी आम्हाला अंडी पुरवायची. वखारीपलीकडच्या पाड्यावर राहणारी वारली बाई, शुक्रवारी जन्मली म्हणून सुकरी. वय पस्तीस-चाळीस असेल, तिला स्वतःला सांगता येत नसे. ती गवत कापायला जायची आणि तिचा नवरा नवशा वखारीत गाठी बांधायचा. बोलताना ती पदर नाहीतर हाताचा पंजा तोंडापुढे धरायची. मला वाटायचं, लाजते. सकाळ-संध्याकाळ ती मशेरी लावायची, म्हणजे तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड दातांना आणि गालाच्या आत चोळायची, आणि म्हणून तिच्या अंगाला धुराचा नि गवताचा मिळून एक वास असे.

तिच्या घरात खुडूक कोंबडी टोपलीत बसलेली असायची. टोपलीत भाताचा पेंढा, एक कोळसा, एक गंजका खिळा आणि त्यावर अंडी, नेहमी विषम. घराच्या मधल्या खांबावर ती रोज सकाळी कोळशाने एक रेष ओढायची. एकविसावी रेष ओढली की पिल्लं बाहेर येत. कुडाच्या भिंतीला एक भोक होतं. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप अंधाऱ्या घरात येई. पाच-सहा दिवसांची अंडी ती एकेक करून त्या तिरिपीवर धरायची आणि मुठीची नळी करून, एक डोळा मिटून आत बघायची. भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसे. "हा भरला. हा भरला. हा फुकट." आमच्याकडे याच कामासाठी बॅटरीचा एक दिवा होता आणि तो सदा बिघडलेला असे.

मी तिला म्हटलं, तुझ्या कोंबडीखाली माझ्यासाठी अंडी ठेव आणि मी मागेन तेव्हा काढून दे. सुकरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्याकडे पाळण्यातलं मूल मागितलं होतं.

"बसवलेलं अंडं कोन मागतं, बाय? एकदा खाली सारलं का ते तिचं झालं. ते मोडायचं नाय."

मी तीन दिवस तिच्या मागे लागले. चौथ्या दिवशी ती कबूल झाली, पण अटी घालून. दर खेपेला निदान पाच अंडी कोंबडीची म्हणून राखायची, त्यांना हात लावायचा नाही. आणि जे अंडं मी फोडेन, त्यात काय दिसलं ते तिला येऊन सांगायचं. "उगीच गेला आसं नको व्हायला," ती म्हणाली. मग आमची पद्धत बसली. तिच्या दोन कोंबड्या आळीपाळीने बसायच्या. सकाळच्या पॅसेंजरची शिट्टी वाजली की ती माझी अंडी आत सारायची आणि कवचावर कोळशाने खूण करायची. शिट्टीमुळे मला तास मोजता येऊ लागले. कोंबडीला वाऱ्याची पर्वा नव्हती. माझी भ्रूणं अशी तासाबरहुकूम येऊ लागली की सर भिंग हातात घेऊन माझ्याच टेबलापाशी जास्त वेळ थांबू लागले. बाकीच्या तिघांनी पाड्यावर जाऊन विचारलं, पण सुकरी त्यांना साधी अंडीच देई. बसवलेली फक्त मला.

त्या सकाळी आठवल्या की पायांना आधी आठवतात. कापलेल्या गवताचे खुंट दवाने ओले असायचे आणि घोट्यांना ओरखडे काढायचे. पातळाच्या काठात कुसळं रुतून बसायची. सुकरीच्या दारात मी उकिडवी बसायचे आणि काल काय पाहिलं ते सांगायचे. ती ऐकता ऐकता माझ्या काठातलं एकेक कुसळ उपटून बाजूला टाकायची. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. वडिलांनी नाही, सरांनीही नाही. डोळ्याच्या जागी आधी वाटी होते, मग ठिपका काळा होतो. पायाच्या जागी आधी नुसता फुगवटा येतो. "आनि मंग?" ती विचारायची. मंग काय, ते उद्याच्या अंड्यात, मी म्हणायचे.

एका रविवारी सर आम्हाला जवळच्या दांडी गावाला घेऊन गेले. किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि वास असा की दिनकर नाकाला रुमाल लावून चालत होता. सरांनी खडकांतून एक खेकडा धरला. त्याची एक नांगी तुटून पुन्हा फुटत होती, बाहुलीच्या हातासारखी लहान. "ही वाढेल," सर म्हणाले, "आणि दुसऱ्या नांगीएवढी झाली की वाढायची बंद होईल. का होते बंद, ते ज्याला कळेल त्याला आपल्या अर्ध्या रोगाचं उत्तर मिळेल." मासळी वाळत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "मास्तर, त्यो खेकडा खायाचा का नुस्ता शिकवायचा?" तिने विचारलं. सर मनापासून हसले आणि खेकडा तिच्या टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी सुकरीला सांगितलं. ती कुसळं काढायची थांबली. त्या दिवशी तिने हट्टच धरला आणि माझ्याबरोबर बंगल्यावर आली. मी तिसऱ्या दिवसाचं अंडं उघडून तिच्या हातात भिंग दिलं. ती कितीतरी वेळ वाकून होती. लाल शिरा चारी बाजूंना पसरलेल्या आणि मधे तो ठोका.

"ह्याला कोन सांगतं," ती हळूच म्हणाली, "का हितं डोला कर, तितं पाय कर?"

"तेच शोधतोय आम्ही."

"आनि आता पुरं, ह्ये कोन सांगतं?"

मी सरांना सांगितलं. सर खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "लिहून ठेव. यापेक्षा नीट मला मांडता आलेलं नाही." मी लिहून ठेवलं. पुढे प्रत्येक नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी तेच फळ्यावर लिहीत आले, शुद्ध भाषेत करून: आता पुरे, असं पेशीला कोण सांगतं? मुलं माना डोलवायची. वहीत उतरवून घ्यायची आणि खाली माझं नाव लिहायची.

इथवर लिहिणं सोपं होतं.

पौष लागून दोन-चार दिवस झाले असतील. मी सकाळी पाड्यावर गेले तेव्हा सुकरी भाकरी पाण्यात भिजवून खात होती. चटणी नव्हती, मिरची नव्हती. मी चेष्टेने म्हटलं, काय गं, उपास का?

"तिखट लागतं, बाय. गालात आग व्हते." मग म्हणाली, "तुमी डागतर ना? जरा बगा ना आत."

"मी तशी डॉक्टर नाही गं," मी म्हणाले. हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडी बसलं होतं. वखारीतले मजूर ताप आला, पाय सुजला म्हणून यायचे आणि आम्ही चौघंही हेच सांगून त्यांना पालघरच्या दवाखान्याची वाट दाखवायचो. पण सुकरी उठली, भिंतीतल्या भोकाकडे गेली आणि ज्या तिरिपीत अंडी धरायची त्या तिरिपीत तिने तोंड उघडून धरलं. पंजा बाजूला केला. मी पहिल्यांदाच तिचं तोंड पाहत होते.

डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध रुपयाएवढा व्रण, लाल, कडा उचललेल्या. मी बोट लावलं. कडा टणक लागली. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात सरांनी दाखवलेल्या काचपट्ट्यांत नेमकी असलीच गाठ होती. आता पुरे हे ज्यांना कोणी सांगितलं नाही, त्या पेशी मी माझ्या बोटाखाली चाचपत होते.

"मुंबईला जाऊन दाखवायला हवं," मी म्हणाले. माझा आवाज मला बरा वाटला, शांत.

सुकरीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खांबाकडे, जिथं माझ्या अंड्यांच्या रेषा होत्या. "जाऊ ना," ती म्हणाली. "गवत सरू दे."

आणि मला हायसं वाटलं. हे मी कधी कोणाजवळ बोलले नाही, पण वाटलं ते हायसंच. मंडळी यायला अजून साडेतीन आठवडे होते. ती मुंबईला गेली असती तर कोंबड्या कोणी बसवल्या असत्या, शिट्टीला अंडी कोणी सारली असती? मी मनाशी म्हटलं, तीच म्हणतेय, गवताचा हंगाम आहे, मजुरी बुडेल. आपण कोण सक्ती करणार? माझं शिक्षण मला अशी सबब शोधायला चांगलं उपयोगी पडलं. मी म्हणाले, "बरं. गवत संपलं की जाऊ." सर पन्नास पावलांवर बंगल्यात होते. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दुपारच्या गाडीत तिला बसवली असती. म्हणूनच मी सांगितलं नाही.

त्यानंतरही मी रोज गेले. ती पुन्हा पंजा तोंडापुढे धरू लागली आणि मी पुन्हा तिकडे न बघायला शिकले. भाकरीच्या जागी पेज आली. कुसळं काढताना ती आता "आनि मंग?" विचारत नसे, नुसती मान हलवायची. मला कळत होतं. न कळायला मी काही अडाणी नव्हते.

मंडळी आली. बंगल्याच्या ओसरीवर टेबलं मांडली होती, काकूंनी नारळाच्या वड्या केल्या होत्या. माझी चार अंडी होती, चार वेगवेगळ्या तासांची, सुकरीने त्या सकाळी स्वतः टोपलीत घालून आणलेली. मी चारही उघडली आणि एकातही रक्ताचा थेंब सांडला नाही. चारही हृदयं चालू होती. सगळ्यात ज्येष्ठ होते त्या गृहस्थांनी भिंगातून पाहून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला ठेवा."

सुकरी ओसरीच्या पायरीशी रिकामी टोपली घेऊन उभी होती. गालाला आणि हनुवटीला फडकं गुंडाळलेलं. सरांचं लक्ष गेलं. ते सगळं सोडून खाली उतरले, तिला उन्हात घेतलं, फडकं सोडायला लावलं, तोंड उघडायला लावलं. मग त्यांनी तिच्या गळ्याला, जबड्याखाली दोन बोटं लावली आणि तिथंच थांबले. सरांनी वळून मला विचारलं, "तू रोज हिच्याकडे जातेस. हे पाहिलं नव्हतंस?"

मंडळी बघत होती. माझी चारही अंडी उघडी होती.

"नाही, सर," मी म्हणाले.

सुकरीला बोलणं कठीण जात होतं. तरी ती बोलली. "बायला काय म्हायती. मीच नाय दावलं कवा."

असं म्हणून तिने फडकं पुन्हा बांधलं. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी इतकं सहज खोटं बोललेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सर स्वतः तिला आणि नवशाला घेऊन मुंबईला गेले. गळ्यातली गाठ मोठी होती, रोगाने जबडाही धरला होता. किरणोपचार झाले, अर्धेच. तिथं जीव रमत नाही म्हणून ती परत आली. दिनकरला पुढे ठेवून घेतलं नाही. तो सामान बांधत होता तेव्हा मी त्याला एकट्याला सगळं सांगितलं. तो ट्रंकेवर बसला. मग म्हणाला, "रोग कैक महिन्यांचा होता. एवढ्या दिवसांनी काय मोठा फरक पडला असता?" एखाद्या डॉक्टरनेही हेच सांगितलं असतं, कदाचित. मी पुढे याच रोगावर उभी हयात काम केलं आणि त्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता येत नाही. पण फरक पडला नसता हे मला त्या सकाळी ठाऊक नव्हतं. पडेल असंच ठाऊक होतं, आणि तरी मी गप्प बसले होते.

सुकरी पुढचा गवताचा हंगाम लागायच्या आत गेली. मला सरांच्या पत्राने कळलं. मी बोईसरला उतरून चालत पाड्यावर गेले. रान पुन्हा तसंच पिवळं झालं होतं, वखारीच्या दारात पहिल्या गाठी पडल्या होत्या. नवशा दारात बसला होता. त्याने मला आत नेलं, पाण्याचा तांब्या दिला. कोंबडी टोपलीत बसली होती, आता तिला कोण बसवत होतं कोण जाणे.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा मी खांबाकडे पाहिलं. कोळशाच्या रेषांचे पुंजके होते, एकवीस, एकवीस, माझ्या अंड्यांचे दोन-दोन, तीन-तीन. बाजूला, जरा वर, एक वेगळी ओळ होती. मी मोजली. एकविसाच्या पुढे गेली होती. सव्वीस होत्या.

"ही कसली कोंबडी?" मी विचारलं.

"कोंबडी नाय, बाय. ती मुंबईची," नवशा म्हणाला. "तुमी तोंडात बगितलं त्या दिसापासून वढायची. रोज एक."

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "तीच म्हणाली होती, गवत सरू दे म्हणून."

नवशाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला बरं झालं असतं.

"गवत तर पौष लागायच्या आदीच सरलेलं," तो म्हणाला. "मी बोललो तिला, आता जाऊ. ती बोलली, बायची परीक्षा हाय. आंडी कोन देल?"

मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. काठात कुसळं तशीच राहिली होती. गाडीत बसल्यावर मी ती काढायचा प्रयत्न केला आणि मला जमेना.

सर पुढे खूप वर्षं जगले. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या वेळी त्यांनी पाठ थोपटली. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांनी त्या हिवाळ्याची आठवण काढली, म्हणाले, "ती बाई. तिचा प्रश्न." मी म्हणाले, "हो, सर." आणि त्यांना औषधाचा चमचा भरवला.

काल दुपारी गवताचा ट्रक गेला. शिंकांची एक फेरी झाली. डोळे पुसले आणि मृणालला फोन लावला. म्हटलं, "पत्रिकेवर प्रश्नाखाली माझं नाव नको. सुकरी असं छापा."

"आडनाव, मॅडम?"

आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. तसं सांगितलं.

"बरं. आणि त्या कुठल्या संस्थेत होत्या?"

"पालघरजवळच्या एका पाड्यावर. मी त्यांच्या हाताखाली शिकले."

ती लिहून घेत असावी. मग म्हणाली, "आणि मॅडम, तुमच्या भाषणाचा विषय अजून यायचाय. काय लिहू?"

खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात गवताची कुसं तरंगत होती. मी म्हणाले, "लिहा, 'मी पाहिलं होतं.'"